प्रेक्षक कोठे घडतो? : खडकीहून पाहिलेला बास्केटबॉल

खेळ पाहण्याची सवय खडकीला जुनी आहे. ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईनंतर येथे इंग्रजांची छावणी वसली. १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आले आणि या सर्वांबरोबर मैदानेही आली. तिकीट काढून खेळ पाहावा हे आमच्या वडीलधाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते. कारखाना सुटला की सायकल कुंपणाला टेकवायची आणि दिवेलागणीपर्यंत उभ्याने हॉकी पाहायची, हा त्यांचा रिवाज. धनराज पिल्ले १९६८ साली याच खडकीत जन्मले. त्यांचे वडील येथील कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. चार ऑलिंपिक खेळलेल्या या खेळाडूचे नाव जगाला पुढे कळले. खेळात रमलेली ही वस्ती मात्र त्याच्या आधीपासून मैदानाभोवती उभी होती.

हॉकीच्या मानाने बास्केटबॉल आमच्याकडे धाकटा. पलटणीच्या आवारात, शाळेच्या पटांगणात, चर्चच्या मागे एखादा लोखंडी खांब, त्यावर रंग उडालेली फळी आणि जाळी फाटलेली कडी, एवढाच त्याचा संसार. त्या खांबाखाली वाढलेले आम्ही चौघे खडकीकर ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एन.एस.सी.आय. घुमटात जाऊन बसलो. अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक संघटनेचे भारतातील पहिलेच सामने त्या दोन दिवसांत होते. इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज असा तो मुकाबला होता. हंगामापूर्वीचे, गुणतक्त्यात न धरले जाणारे हे सामने. तरी आमच्या दृष्टीने तो सणच होता.

दूरदर्शनच्या पडद्यावर खेळाडूंची उंची दिसते, पण त्या उंचीचा वेग कळत नाही. तो प्रत्यक्षातच कळतो. लाकडी जमिनीवर बुटांचा चिरका आवाज, कडीला न शिवता जाळीतून उतरणाऱ्या चेंडूचा सुस्कारा, विश्रांतीच्या प्रत्येक क्षणी कानठळ्या बसवणारे संगीत. पेसर्सनी १३० विरुद्ध १०६ गुणांनी सामना जिंकला. टाळ्या आम्हीही पुष्कळ वाजवल्या. परंतु परतीच्या वाटेवर आमच्यातील ज्येष्ठ, कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, “खेळ फार मोठा होता. पण एकाही खेळाडूला नावाने हाक मारून ‘अरे, पास दे’ म्हणावे असे वाटले नाही.” या वाक्याने आम्हांला विचारात पाडले. प्रेक्षक म्हणजे नेमका कोण, आणि तो घडतो कोठे? या प्रश्नासाठी आम्ही खेळाचा इतिहास पुन्हा उघडला.

जेम्स नेस्मिथ हा कॅनडात जन्मलेला, धर्मशास्त्र शिकलेला शिक्षक. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए. च्या प्रशिक्षणशाळेत हिवाळ्यात तरुणांना घरात कसे रमवावे या विवंचनेतून त्याने डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ रचला. सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून लावले. मार्च १८९२ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी यांचा पहिला जाहीर सामना झाला, तेव्हा पाहणारे सुमारे २०० होते. विद्यार्थ्यांनी तो ५ विरुद्ध १ असा जिंकला. आपले गुरुजी धावताना, धडपडताना पाहावेत एवढ्यासाठीच कित्येक आले असतील! खेळाचा पहिला प्रेक्षक हा असा ओळखीचा, घरचा होता.

हा प्रेक्षक गप्प बसणारा मात्र नव्हता. सज्जात बसलेले लोक हात लांबवून आपल्या संघाचा चेंडू टोपलीत ढकलत आणि विरुद्ध संघाचा अडवत. त्यांना आवर घालण्यासाठी टोपलीमागे आधी तारेची जाळी आणि मग लाकडी फळी आली. म्हणजे आज ज्या फळीवर आपटून चेंडू कडीत जातो, ती प्रेक्षकांच्या आगाऊपणाची देणगी आहे! १८९६ मध्ये ट्रेन्टन गावच्या खेळाडूंनी सभागृह भाड्याने घेऊन, तिकीट लावून सामना केला. खर्च वजा जाता प्रत्येकाला १५ डॉलर मिळाले असे सांगतात. व्यावसायिक बास्केटबॉलचा आरंभ येथे मानला जातो. पुढे याच संघाने मैदानाभोवती जाळीचे कुंपण उभारले. पैसा आला आणि पाहणारा व खेळणारा यांच्यामध्ये जाळी आली, हा योगायोग आम्हांला बोलका वाटतो.

एन.बी.ए. ची पूर्वसंस्था १९४६ मध्ये स्थापन झाली आणि १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने मिनियापोलिसविरुद्ध चेंडू नुसता धरून ठेवला आणि सामना १९ विरुद्ध १८ असा संपला. असा खेळ पैसे देऊन कोण पाहणार? अखेर १९५४ मध्ये २४ सेकंदांच्या आत चेंडू टाकलाच पाहिजे, असा नियम आला. तिकीट काढणाऱ्याच्या कंटाळ्याने खेळाची गती बदलली. तेव्हा तिकिटाला नावे ठेवून भागणार नाही. वरळीला आम्ही ज्या वेगाने थक्क झालो, तो वेग त्यानेच दिला आहे.

आपल्या देशात हा खेळ तिकिटाच्या वाटेने आला नाही. मद्रासला १९२० मध्ये हॅरी बक यांनी सुरू केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयासारख्या संस्थांतून आणि मिशनच्या पटांगणांतून तो पसरला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली. राष्ट्रीय महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नेबरहूड हाऊस उभारले. समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था १९३६ मध्ये तेथेच सुरू झाली आणि तेथल्याच आवारात बास्केटबॉलही रुजला. त्या गल्ल्यांतून पुढे आलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. इकडे लष्करी तळांवर जवानांचा खेळ बहरला. १९६७ चे अर्जुन पुरस्कारविजेते खुशी राम हे सेनादलाचेच. आवार आणि छावणी, या दोन ठिकाणी आपला बास्केटबॉल वाढला. खडकीत तर ही दोन्ही एकमेकांच्या शेजारी आहेत.

मग व्यावसायिक संघ आले. २०१५ मध्ये युनायटेड बास्केटबॉल अलायन्स या नावाने आठ संघांची साखळी सुरू झाली आणि त्यात ‘पुणे पेशवाज’ हा संघ होता. आपल्या शहराच्या नावाचा संघ म्हणून आम्हांला अप्रूप वाटले. पण प्रत्येक संघाने आपापल्या गावी खेळावे अशी तिची घडण नव्हती. सर्व संघ एका ठिकाणी जमून सामने उरकत. नाव पुण्याचे, पण खडकीच्या मुलाने शाळा सुटल्यावर जाऊन पाहावे असे घर त्या संघाला नव्हते. २०१७ नंतर ती साखळी थांबली. २०२२ मध्ये दुसरी साखळी सुरू झाली. तिच्या सहा संघांत मुंबईचा होता, पुण्याचा नव्हता. पेशवाजचा संघ गेला त्याची हळहळ शहरात फारशी कोणाला वाटली नाही. ज्याला आपण रोज पाहिले नाही, त्याचा वियोग कसा जाणवावा?

वरळीच्या त्या दोन दिवसांतील पहिल्या दिवसाचा उल्लेख आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. ४ ऑक्टोबरचा सामना तिकिटांवर नव्हताच. त्या दिवशी घुमट भरला होता तो शाळाशाळांतून बास्केटबॉल शिकणाऱ्या तीन हजारांहून अधिक मुलांनी. आणि सामनाही असा रंगला की जादा वेळ द्यावा लागला; पेसर्स १३२ विरुद्ध १३१ असे एका गुणाने जिंकले. ज्या संघटनेला तिकिटांचे अर्थशास्त्र इतरांहून अधिक कळते, तिने नव्या देशात आपला पहिला सामना मुलांना दाखवला. उद्याचा प्रेक्षक आज हातात चेंडू घेऊन घडतो, हे तिने ओळखले आहे.

आपण ते ओळखले आहे का? आमच्या परिचयाच्या एका आवारातील खांब काही वर्षांपूर्वी गाड्या उभ्या करण्यासाठी काढला गेला. कोणी तक्रार केली नाही. आम्हीही केली नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या खांबाबरोबर भिंतीवर बसून नावाने हाका मारणारे पाच-पन्नास लोकही गेले. वाचकहो, आपल्या धर्मग्रामाच्या, शाळेच्या, वसाहतीच्या आवारात असा एखादा खांब अजून उभा असेल, तर त्याची फळी यंदा रंगवून घ्या, नवी जाळी बांधा आणि एका संध्याकाळी स्वतः भिंतीवर जाऊन बसा. आमच्या ज्येष्ठांनी त्या आवाराच्या विश्वस्तांना खांबासाठी पत्र लिहिले आहे. त्याखाली आम्ही चौघांनी सह्या केल्या आहेत.