शस्त्र कोणाच्या हाती?

यावल गावी निंबाळकरांचा जुना किल्ला आहे. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग दिसते, दक्षिणेला तापीच्या खोऱ्यातील केळीच्या बागा पसरलेल्या आहेत. शिंद्यांनी १७८८ साली हा मुलूख निंबाळकरांच्या हवाली केला आणि १८२१ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. याच तालुक्यात फैजपूर आहे. १९३६ च्या डिसेंबरात पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन येथे भरले. अधिवेशनाच्या जागेला टिळकनगर असे नाव दिले होते आणि नंदलाल बोसांनी बांबू व चटयांतून ती नगरी सजविली होती. एका ठिकाणी बंदुकीच्या बळावर चाललेली सत्ता, तर दुसऱ्या ठिकाणी निःशस्त्र जनतेचा मेळावा. शस्त्र बाळगण्याचा हक्क आणि त्यावरील कायद्याचा अंकुश यासंबंधी आपल्या देशात झालेल्या वादाची दोन टोके यावल तालुक्यात अशी शेजारी नांदतात.

फैजपूरला महात्मा गांधीही आले होते. त्यांची एक मागणी आज वाचली तर नवल वाटते. मिठाच्या सत्याग्रहापूर्वी, १९३० च्या जानेवारीत, त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मीठकर रद्द करा, शेतसारा निम्मा करा, दारूबंदी करा, अशा त्या मागण्यांत आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत आणि त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, अशीही एक मागणी होती. अहिंसेच्या उपासकाला बंदुकीचा परवाना का मागावासा वाटला? त्याचे उत्तर शोधायचे तर शंभर वर्षे मागे, आपल्या खानदेशातच जावे लागते.

१८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा खानदेशात शस्त्रांचा सुकाळ होता आणि शांततेचा दुष्काळ. अरब शिबंदी, पेंढारी, डोंगरातील भिल्ल नाईक, पगार थकलेले शिपाई अशा सर्वांच्या हाती हत्यारे होती. शेतकरी मात्र गाव सोडून पळत होता. त्या वर्षी फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉपने थाळनेरचा किल्ला घेतला, किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी दिले आणि किल्ल्यातील शिबंदीची कत्तल झाली. जूनमध्ये अरबांचे मालेगाव पडले. नव्या राज्याने शांतता आणली हे खरे, परंतु त्या शांततेच्या पायाशी थाळनेरचे रक्त आहे हेही विसरता येत नाही.

सातपुड्यातील भिल्लांपुढे मात्र नुसते बळ चालेना. तेव्हा १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. ज्यांच्या हातचे शस्त्र हिसकावून घेण्यासाठी वर्षानुवर्षे मोहिमा चालल्या, त्यांच्याच हाती सरकारने बंदूक दिली. औट्रमने त्यांच्यात मिसळून, त्यांच्यासह शिकार करून त्यांचा विश्वास संपादन केला होता. शस्त्राचा प्रश्न मुळात विश्वासाचा प्रश्न आहे, हे खानदेशने असे फार लवकर पाहिले. पण हा विश्वास एकतर्फी होता. तो द्यायचा की काढून घ्यायचा, हे ठरविणारा सरकारच होता.

१८५७ मध्ये हे उघड झाले. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक एके काळी कंपनी सरकारच्याच चाकरीत होता. त्याने बंड पुकारले आणि सातपुड्यातील शेकडो भिल्ल त्याच्यामागे उभे राहिले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या डोंगरात मोठी चकमक झाली. पकडलेल्यांपैकी अनेकांना लष्करी न्यायालयाचा सोपस्कार उरकून गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या नाईक पुढे १८६० मध्ये विश्वासघाताने मारला गेला. बंडाच्या धामधुमीतच, १८५७ मध्ये, शस्त्रास्त्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि १८६० मध्ये तो अधिक विस्ताराने करण्यात आला.

या साऱ्यावर कळस चढविला लॉर्ड लिटनने. १४ मार्च १८७८ रोजी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा संमत झाला आणि दुसऱ्याच दिवशी, १५ मार्चला, हिंदी हत्यारांचा कायदा आला. लेखणी आणि बंदूक यांना लागोपाठच्या दोन दिवसांत बेड्या पडल्या! लेखणीची बेडी लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत निघाली, दुसरी मात्र चौऱ्याऐंशी वर्षे राहिली. या कायद्यातील खरा डंख परवान्याच्या अटीत नव्हता. युरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांना त्या अटीतून सूट होती, येथे तो डंख होता. आपण ख्रिस्ती वाचकांनी हे नीट ध्यानी घ्यावे की ही सूट धर्मासाठी दिलेली नव्हती, ती वर्णासाठी होती. राज्यकर्ता आणि गावचा ख्रिस्ती शेतकरी एकाच क्रुसापुढे गुडघे टेकत असले, तरी रानडुक्कर शेतात शिरले असता एकाच्या हाती बंदूक होती आणि दुसऱ्याच्या हाती काठी.

म्हणूनच १८८७ च्या मद्रास काँग्रेसपासून या कायद्यात बदल करण्याची मागणी सुरू झाली. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरती करताना गांधीजींनी लिहिले होते की, इंग्रजी राजवटीच्या दुष्कृत्यांत एका समग्र राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या कायद्याला इतिहास सर्वांत काळे कृत्य ठरवील. कराचीच्या १९३१ च्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नमूद झाला. त्या पिढीला गोळी झाडण्याची हौस नव्हती. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही अशा माणसाचा अपमान तिला पुसून टाकायचा होता.

मग स्वराज्य आले आणि प्रश्नाचा चेहरा पालटला. १९४८ च्या डिसेंबराच्या आरंभी घटना समितीत हरी विष्णू कामथ यांनी कराचीच्या ठरावाची आठवण देऊन शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. परक्या सरकारपुढे ती मागणी का केली गेली, हे ते जाणून होते. परंतु प्रत्येकाला बाजारातून मनाला येईल ते हत्यार विकत घेण्याची मुभा दिली तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी ते धारण करण्याच्या कर्तव्यावर भर असावा, असेही त्यांनी सांगितले. दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिकेने १७९१ मध्ये हा हक्क घटनेत गोवला आणि त्या वाक्याच्या अर्थावरून तेथील न्यायालये आजही झगडत आहेत. आपण तो मार्ग नाकारला.

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. वर्णभेद गेला, परवाना राहिला. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे १८७८ च्या शेतकऱ्याची तक्रार निदान कागदावर ऐकली गेली. परंतु यावलच्या डोंगराळ भागात आणखी एक कायदा आड येतो. १९६९ मध्ये येथे सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते. पशूंचे रक्षण आणि पिकाचे रक्षण यांत तोल साधणे सोपे नाही. पण हा अडथळा सर्वांना सारखा आहे, आणि १८७८ च्या कायद्यात नेमके हेच नव्हते. कोडगूच्या कोडव समाजाला जन्माने मिळणारी सूट मात्र आजही चालू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तिनावरून दोनावर आणली आणि लग्नाच्या वरातीत हर्षाने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यासाठी शिक्षा ठरविली.

तरीही परवानाधारकांची ही सारी चर्चा सुरू असताना सातपुड्याच्या सीमेवर गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या येतच असतात. कट्ट्याला ना परवाना, ना नोंद. तो विकत घेणारा बहुधा खानदेशातला किंवा पुण्या-मुंबईकडचा विशी-पंचविशीतला तरुण असतो. ज्याच्या हाताला काम नाही, त्याच्या हाती हे लोखंड फार लवकर येते. येथे नुसता कायदा पुरा पडत नाही.

गेत्समनीच्या बागेत संत पेत्राने तलवार उपसली, तेव्हा प्रभूने त्याला ती म्यानात घालावयास सांगितले आणि जखमी शत्रूचा कान बरा केला. तरी ख्रिस्तसभेने आत्मसंरक्षणाचा हक्क नाकारलेला नाही. ज्यांच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे, त्यांच्या बाबतीत तर ती रक्षण हे कर्तव्य मानते. पण शस्त्रांच्या व्यापाराला तिने कधी निर्दोष ठरविले नाही. पोप फ्रान्सिस २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या संसदेपुढे उभे राहिले, तेव्हा लोकांना अपार यातना देऊ पाहणाऱ्यांना ही घातक शस्त्रे विकली तरी का जातात, असे त्यांनी विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले : पैशासाठी.

खानदेशच्या या दोनशे वर्षांकडे पाहिले की एक गोष्ट मनाशी पक्की होते. शस्त्र सर्वांच्या हाती होते तेव्हा दुबळा भरडला गेला. ते एकाच वर्णाच्या हाती राहिले तेव्हा सारे राष्ट्र अपमानित झाले. राज्याने ते जपून, नोंद ठेवून आणि सर्वांना एकच न्याय लावून द्यावे, हा १९४८ चा निवाडा म्हणूनच मला योग्य वाटतो. मात्र ज्या राज्याने नागरिकाच्या हातची बंदूक आपल्या हाती घेतली, त्याने त्याच्या रक्षणाची हमीही घेतली आहे. डोंगरपायथ्याच्या एकट्या खोपटातली म्हातारी रात्री कडी लावून निर्धास्त झोपते की नाही, यावरून त्या हमीची किंमत कळते. फैजपूरला निःशस्त्र जमलेल्या त्या हजारो माणसांना याच निर्धास्त झोपेचे स्वराज्य हवे होते.