बिल्बाओचा हिशेब

एका संग्रहालयाने बुडते शहर तारले, हे विधान आम्हीही अनेकदा केले आहे. परंतु ते तपासावे कसे? स्पेनमधील बिल्बाओत १९८८ मध्ये एउस्काल्दुना हा जहाजबांधणीचा कारखाना बंद पडला. १९९७ मध्ये तेथे नदीकाठी गुगेनहाइम कलासंग्रहालय उघडले. दारावरची तिकिटे मोजून रोजगार कळत नाही. म्हणून अर्थतज्ज्ञ बेआत्रिस प्लासा यांनी उद्घाटनापूर्वीचे व नंतरचे हॉटेलांतील मासिक मुक्काम ताडून पाहिले आणि सुमारे ९०० पूर्णवेळ नोकऱ्या संग्रहालयाच्या खाती मांडल्या. तथापि जहाजाचे पत्रे जोडणाऱ्या हातांना त्यांतील किती मिळाल्या, हे त्या बेरजेत दिसत नाही. शहर सावरल्याचा इतिहास लिहिताना तो कामगार गाळू नये, असे आम्हांस वाटते.