रोखा ते पासबुक : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात बँक-आकारणी व ‘मोफत’ बँकिंगचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

किमान शिल्लक न राखल्याबद्दलचा दंड, शिल्लकेअभावी धनादेश वा हप्त्याचा आदेश परत गेल्यास होणारी आकारणी आणि शिल्लकेपेक्षा अधिक उचल करू देणाऱ्या ओव्हरड्राफ्टवरील (अधिकर्षावरील) शुल्क हे विषय सामान्यतः ग्राहकहिताच्या किंवा बँक-व्यवस्थापनाच्या चौकटीत चर्चिले जातात. या प्रश्नांना इतिहासही आहे आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात घडले आहे. पतपुरवठा व बँक-सेवा कधीच मोफत नव्हती. तिचा खर्च कोण भरतो आणि भरणाऱ्यास तो हिशेबात दिसतो का, हाच खरा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१८७५ चा उठाव : रोख्यामागील हिशेब

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाचे भाव उतरले आणि तेजीच्या काळात सढळपणे कर्ज देणाऱ्या सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला उठाव अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. या उठावात व्यक्तींवरील हिंसा तुलनेने अल्प होती. शेतकऱ्यांचा मुख्य रोख कर्जरोखे हस्तगत करून जाळण्याकडे होता.

कागदावरच रोष का, याचे उत्तर तत्कालीन व्यवहारपद्धतीत सापडते. रोख्यात पूर्ण रक्कम लिहून प्रत्यक्षात मनोती किंवा बट्ट्याच्या नावाखाली काही भाग आधीच कापून घेतला जाई. मुदतीत फेड न झाल्यास थकलेले व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहिला जाई. काही वर्षांनी मूळ उचल किती आणि चढवलेली आकारणी किती, हे निरक्षर कुळास कळण्याचा मार्ग उरत नसे. दिवाणी न्यायालयापुढे मात्र स्वाक्षरी किंवा अंगठा असलेला रोखा हाच पुरावा ठरे. शेतकऱ्यास व्याजाचा दर तर जाचत होताच. त्याहून अधिक जाचत होती ती हिशेबाची अपारदर्शकता.

१८७९ चा कायदा : पासबुकाचा हक्क

उठावानंतर नेमलेल्या आयोगाच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा उद्भवला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यातील दोन तरतुदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. पहिली अशी की, न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत आणि साचलेले व्याज सामान्यतः मुदलात धरू नये. दुसरी तरतूद शेतकरी ऋणकोस पावती, वार्षिक हिशेब आणि वेळोवेळी नोंद केलेले पासबुक मिळण्याच्या हक्काची होती. आज आपण ज्यास बँकेची सोय समजतो, ते पासबुक या जिल्ह्यात कायद्याने दिलेला हक्क म्हणून आले, ही बाब फारशी ध्यानात घेतली जात नाही.

तथापि या कायद्याचा अनुभव संमिश्र होता. गहाणखताची छाननी होऊ लागताच अनेक सावकार गहाणाऐवजी नाममात्र खरेदीखते लिहून घेऊ लागले. एक वाट बंद केली की आकारणी दुसऱ्या वाटेने येते, हा त्यातून मिळणारा धडा पुढेही उपयोगी पडतो.

सहकाराचा मार्ग

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने निराळे उत्तर पुढे आणले : ऋणको स्वतःच संस्थेचा मालक असावा. नगर अर्बन सहकारी बँक १९१० मध्ये स्थापन झाली. स्वातंत्र्योत्तर काळात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गावची विकास सोसायटी आणि जिल्हा सहकारी बँक यांच्याद्वारे पीककर्ज व उसाच्या बिलातून वसुली अशी साखळी रूढ झाली. येथेही कर्ज देताना कपात होतेच. परंतु भागापोटी कापलेली रक्कम सभासदाच्याच नावे भाग भांडवल म्हणून जमा राहते. मनोती आणि भागकपात यांतील भेद केवळ रकमेचा नसून मालकीचा आहे.

मालकी असली तरी हिशेबावरील देखरेख सुटली तर काय होते, हेही याच जिल्ह्याने पाहिले. नगर अर्बन बँकेवर डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध आले व ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. ठेवीदारांना ठेव विम्याच्या पाच लाख रुपयांच्या मर्यादेत संरक्षण होते; त्यापलीकडील रकमेची चिंता त्यांच्या वाट्यास आली.

‘मोफत’ बँकिंगची किंमत

ब्रिटनमध्ये मिडलँड बँकेने १९८४ मध्ये खात्यात शिल्लक राखणाऱ्यांस विनाशुल्क सेवा देऊ केली व इतर बँकांनी तिचे अनुकरण केले. त्या सेवेच्या खर्चाचा मोठा भार शिल्लक संपलेल्या ग्राहकांच्या ओव्हरड्राफ्ट शुल्कावर पडत राहिला. २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही शुल्के सेवेच्या किमतीचाच भाग असल्याचे मानून, किमतीच्या औचित्यापुरती ती नियामकाच्या तपासणीबाहेर ठेवली. २०२० मध्ये ठराविक ओव्हरड्राफ्ट शुल्कांवर बंदी आली, तेव्हा अनेक मोठ्या बँकांचे ओव्हरड्राफ्टवरील वार्षिक व्याज चाळीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले.

भारतातील चित्र तपशिलात वेगळे असले तरी तत्त्वतः फार निराळे नाही. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने किमान शिल्लकेची अट नसलेले मूलभूत बचत खाते आणले. २०१४ च्या जनधन योजनेने अशी खाती व्यापक प्रमाणावर उघडली आणि पात्र खातेदारांस पाच हजार रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट देऊ केला; २०१८ मध्ये ही मर्यादा दहा हजार झाली. सर्वसाधारण बचत खात्यांवर मात्र दंड चालू राहिला. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये किमान शिल्लकेची अट काढली, परंतु त्याच वेळी बचत ठेवींवरील व्याज सरसकट तीन टक्के केले. २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही हा दंड रद्द केला. दंड गेला म्हणून खर्च गेला असे नाही. तो ठेवीवरील कमी व्याजात किंवा अन्य सेवांच्या शुल्कात सामावतो.

नियमनाच्या इतिहासात १८७९ चे पडसाद स्पष्टपणे उमटतात. केवळ दंडामुळे बचत खाते ऋण शिल्लकेत जाऊ नये आणि दंड तुटीच्या प्रमाणात असावा, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ पासून बंधनकारक केले. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने कर्जखात्यातील दंडात्मक शुल्कावर पुन्हा व्याज आकारण्यास मनाई केली. साचलेले व्याज मुदलात मिळवू नये, हे १८७९ चे सूत्र येथे नव्या शब्दांत अवतरले आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून मोफत बँकिंगच्या भवितव्याविषयी दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला, ज्याच्या खात्यात सर्वांत कमी शिल्लक आहे त्याच्या दंडातून भरल्या खात्यांची सेवा विनामूल्य ठेवणे अन्याय्य आहे. त्यापेक्षा सर्वांना दिसणारे माफक शुल्क अधिक न्याय्य ठरते. दुसरा, शुल्कमाफीच्या घोषणेपेक्षा सुवाच्य हिशेब महत्त्वाचा आहे. आज पासबुक प्रत्येकाच्या हाती आहे. पण त्यातील आकारणीच्या नोंदी बहुधा इंग्रजी संक्षेपाक्षरांत असतात आणि पारनेर किंवा कर्जतच्या खातेदारास त्यांचा अर्थ लागणे कठीण असते. रोख्यातील आकडा कोठून आला हे १८७५ मध्ये कळत नव्हते. पासबुकातील वजावट कशाची हे आज कळत नसेल, तर हक्क मिळूनही तो अपुराच राहिला, असे म्हणावे लागते. प्रत्येक आकारणीचे कारण मराठीत, पूर्ण शब्दांत आणि स्वतंत्र नोंदीने देणे ही बँकांना अशक्य नसलेली सुधारणा आहे, आणि तिचा आग्रह धरण्यास या जिल्ह्याइतका ऐतिहासिक आधार क्वचितच अन्यत्र सापडेल.