लपणारा रंग

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस पसरलेल्या शहराचे नावच लष्कर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ तेथे पडला; तंबूंच्या जागी पुढे वाडे उठले, बाजार भरले, पण नाव छावणीचेच राहिले. मुरारची छावणी, महाराजपूरचा विमानतळ, टेकनपूरची सीमा सुरक्षा दलाची अकादमी असा सैनिकी परिसर ज्या शहराला लाभला आहे, तेथे खाजगी जीपगाडीवर घरच्या घरी हिरवे-तपकिरी ठिपके रंगविण्याची हौस कोणास झाली, तर त्यात नवल नाही. परंतु या ठिपक्यांना इतिहास आहे, आणि त्या इतिहासातच त्यांची मर्यादाही सांगितलेली आहे.

पूर्वी सैनिकाचा पोशाख दिसण्यासाठीच असे. काळ्या दारूच्या धुराने रणांगण झाकोळून जाई. त्या धुरात आपला कोण व परका कोण हे कळावे म्हणून भडक रंग हवा असे. इंग्रजांचा लाल डगला हे त्याचे ठळक उदाहरण. या रीतीस हिंदुस्थानच्या धुळीनेच प्रथम छेद दिला. १८४०च्या दशकाच्या उत्तरार्धात पेशावरकडील ‘गाइड्स’ पथकास हॅरी लम्सडेन याने धुळीच्या रंगाचा पोशाख दिला. फारसीत ‘खाक’ म्हणजे धूळ; त्यावरून ‘खाकी’. पुढे १८५७-५८ च्या युद्धात अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे उन्हाळी कपडे चहाच्या पाण्यात, शाईत, चिखलात बुडवून मळखाऊ करून घेतले. याच युद्धात १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथे लढल्या आणि धारातीर्थी पडल्या. त्यांची समाधी फूलबागेजवळ आहे. लपणारा रंग या देशात प्रथम कारखान्यात नव्हे, तर अशा निकराच्या दिवसांत, हाताशी मिळेल त्या वस्तूंतून तयार झाला.

पुढे धूररहित दारू आली, बंदुकीचा पल्ला वाढला, आणि दिसणे म्हणजे मरणे असे समीकरण झाले. अ‍ॅबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये दाखवून दिले की, अनेक प्राण्यांची पाठ गडद व पोट फिकट असते. वरून पडणारा उजेड व खालची सावली यांची त्यामुळे फेड होते आणि शरीराचा उठाव नाहीसा होतो. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने चित्रकारांचे स्वतंत्र पथकच उभारले. त्याची धुरा गीराँ द सेव्होला या चित्रकाराकडे होती. तोफा रंगविताना त्यांनी एक तत्त्व पाळले: वस्तू झाकावयाची नाही, तिची आकृती मोडावयाची.

१९४१ पासून युद्धात धावू लागलेली जीप १९४९ मध्ये मुंबईत माझगावास महिंद्रांकडे जोडली जाऊ लागली आणि यथावकाश नागरी जीवनातही रुळली. तिला रंग देताना तेच तत्त्व लागू पडते. पट्टा दाराच्या कडेशी थांबला, तर दार अधिकच उठून दिसते. तो दारावरून बॉनेटपर्यंत अखंड गेला पाहिजे. आधी फिकट रंग, मग गडद. वरची बाजू गडद, खालची फिकट. आणि रंग निस्तेज हवा, कारण चकाकी कोसभरावरून चहाडी करते. मुख्य म्हणजे रंग भूमीचा हवा. चंबळच्या खोऱ्यातील पिवळसर घळी आणि वाळलेले गवत यांत गर्द जंगलाचा हिरवा रंग लपत नाही. आणि पावसाळ्यानंतर तीच भूमी हिरवी झाली, की उन्हाळी रंग उघडा पडतो.

नागरिकांनी खरोखर गरजेपोटी आपल्या वाहनांस रंग लावला, तो मात्र साधा काळा होता. १९६५ व १९७१ च्या युद्धांत मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करीत, म्हणजे उजेड आकाशात जाऊ नये. १९७१ च्या ३ डिसेंबरला ग्वाल्हेरपासून सुमारे १२० किलोमीटरवरील आग्र्याच्या विमानतळावर बाँब पडले. त्या युद्धात ताजमहालही झाकण्यात आला होता. दिव्यावरील त्या काळ्या पट्ट्यात मिरविण्याचा लवलेश नव्हता. त्यामागे शेजाऱ्याच्या जिवाची काळजी होती.

आज हौसेच्या रंगाबाबत हीच काळजी उलट्या दिशेने घ्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२१ वा नियम खाजगी मोटारीस ऑलिव्ह हिरवा रंग देऊ देत नाही; तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. गाडीचा रंग नोंदणीपत्रात लिहिलेला असतो, म्हणून तो बदलल्यास परिवहन कार्यालयास कळवावे लागते. हा केवळ कागदी कारभार नव्हे. २०१६ च्या जानेवारीत पठाणकोटच्या विमानतळावर हल्ला करणारे भारतीय सैनिकांच्या वेषात आले होते. त्यानंतर नागरिकांनी तसा पोशाख वापरू नये व दुकानदारांनी विकू नये, असे आवाहन सैन्यास करावे लागले. फाटकावरच्या पहारेकऱ्यास क्षणार्धात निर्णय घ्यावयाचा असतो, आणि त्या क्षणी त्याचा पहिला विश्वास रंगावर असतो.

रानात हरणे पाहावयास जाणाऱ्याने आपली गाडी माती, वाळके गवत व करडा दगड यांच्या छटांत रंगवावी, आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे, आणि सैन्याच्या नमुन्याची नक्कल टाळावी. हरणापासून लपण्यास तेवढे पुरे आहे. पहारेकऱ्यापासून लपण्याचे प्रामाणिक माणसास कारण नाही.