खराट्याचा धनी : श्री संत गाडगेबाबा

आपल्या गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य देणगीदारांच्या औदार्याने व ग्रामस्थांच्या श्रमाने तडीस गेले, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. या स्मरणिकेसाठी इतिहासपर काही लिहावे, अशी समितीची सूचना झाली. धरणाविषयी व सिंहगडाविषयी लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते एका कष्टकरी माणसाविषयी. तो पंढरपुरास वारंवार जाई, वाळवंट व रस्ते झाडी, यात्रेकरूंची सेवा करी. पण विठ्ठलाच्या गाभाऱ्यात कधी गेला नाही, असे सांगतात.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्या वेळी आपल्या खडकवासल्याच्या धरणाचे बांधकाम चालू होते. वडील दारूच्या व्यसनात गेले. आई मुलाला घेऊन दापुऱ्यास माहेरी आली. डेबूने तेथे गुरे राखली, नांगर धरला. पुढे मामांची जमीन सावकाराच्या कागदात अडकली. घरात अक्षर वाचता येणारे कोणी नव्हते, म्हणून अंगठ्याखाली काय लिहिले आहे ते कळले नाही. तालुक्याच्या कचेरीत उमेदीची वर्षे घालविलेल्या मला ही हकिकत जुनी वाटत नाही. असे अंगठे मी पाहिले आहेत.

मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण व दारूची पंगत व्हायची. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. मंडळी रुसली, यांनी ऐकले नाही. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडग्याचे खापर व हाती खराटा. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की प्रथम गटार उपसायचे, चावडीसमोर झाडायचे. काम केल्याशिवाय भाकरी घ्यायची नाही. लोकांना वाटे, कोणी वेडा आला आहे. रात्री तोच वेडा कीर्तनाला उभा राही आणि सारे गाव त्याच्यापुढे बसे.

त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरांचा फड. साधा प्रश्न टाकायचा, लोकांकडून हो म्हणवून घ्यायचे, आणि चार प्रश्नांनंतर लोक आपल्याच उत्तरात सापडून हसू लागत. सत्यनारायणाच्या पोथीतील बुडालेली नाव प्रसादाने वर येते. मग लढाईत एवढी जहाजे बुडाली, ती पूजा घालून वर का काढीत नाहीत, असे ते विचारीत. (आपले पुजारीबुवा हे वाचून रागावणार नाहीत, अशी आशा आहे.) हसता हसता ऐकणारा गप्प होई, कारण पुढचा प्रश्न कर्ज काढून केलेल्या लग्नाचा, जत्रेत कापलेल्या बोकडाचा किंवा शाळेत न घातलेल्या पोराचा असे. घरची भांडी विकावी, हातावर भाकरी घेऊन खावी, पण पोराला शिकवावे, असे ते निक्षून सांगत. स्वतः त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता एकुलता उरलेला मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. हे वाचताना मला नेहमी कुंताबाईंची, म्हणजे त्या मुलाच्या आईची आठवण येते. बाबांच्या औदार्याची किंमत त्या माउलीनेही मोजली आहे, आणि तिचे नाव कोणत्याही कोनशिलेवर फारसे दिसत नाही.

लोकांनी दिलेल्या पैशातून बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. आपल्या भागातील कित्येक वारकरी आळंदीच्या धर्मशाळेत उतरले असतील. मुंबईस जे. जे. इस्पितळापाशी रुग्णांच्या नातेवाइकांची सोय केली. त्यातले स्वतःसाठी काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस देऊन टाकली. १९५२ साली प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले. कऱ्हाडला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये त्यांच्या नावाने महाविद्यालय काढले.

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आतच, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीच्या पुलाशी, प्रवासातच गाडगेबाबांचे प्राण गेले. समाधी अमरावतीस आहे. तेथील विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

आता आपल्याविषयी थोडे. २०२१ साली आपले गाव पुणे महानगरपालिकेत गेले, तेव्हापासून झाडणे हे महापालिकेचे काम, असा समज वाढला आहे. रविवारी धरणाच्या चौपाटीवर पडणारी कणसांची बुरकुंडे व प्लॅस्टिकच्या पिशव्या सर्वांनी पाहिल्या आहेत. मंदिराच्या हिशेबात काही शिल्लक राहिल्यास त्यातून वाटसरूंसाठी पिण्याच्या पाण्याची टाकी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह व डझनभर खराटे घ्यावेत, असा लेखी अर्ज मी समितीकडे देत आहे. खराट्यांचा खर्च माझ्याकडून धरावा.