शेवटचा चिमटा कुठे लावायचा?

बॅटरी उतरलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना आपण सर्वांनी पाहिले असेल. दोन जाड वायरी, चार चिमटे आणि पाच-दहा मिनिटांचे काम. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत मात्र एक सूचना बहुधा असतेच: काळ्या वायरीचा शेवटचा चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या ऋण टोकाला न लावता, बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला लावावा. आता, ऋण टोक आणि इंजिन जाड तारेने जोडलेलेच असतात. विजेच्या दृष्टीने दोन्ही जागा एकच. मग हा आग्रह कशासाठी? दहावीच्या वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहावा. उत्तरासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

१८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या घातल्या, गुंडाळी केली आणि ती सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवली. त्यातून वीज सोडली की एका पत्र्यावर शिशाचा डायऑक्साइड तयार होई, दुसरा शिशाचाच राही. मग हीच जोडी उलट वीज देऊ लागे, आणि संपली की पुन्हा भरता येई. पुन्हा पुन्हा भरता येणारा हा पहिला उपयोगी घट. गंमत अशी, की तेव्हा व्यवहारात वापरता येईल असा डायनॅमो नव्हता. म्हणजे हा घट भरायचा तर दुसऱ्या साध्या घटांनीच! १८८१ मध्ये कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि घटाची साठवणक्षमता खूप वाढली. आज गाडीच्या बॉनेटखाली असलेली बॅटरी म्हणजे तत्त्वतः हेच सहा घट एकापुढे एक जोडलेले. प्रत्येकी सुमारे २ व्होल्ट, मिळून १२.

सुरुवातीला ही बॅटरी पेट्रोल गाडीची मदतनीस नव्हती, तिची प्रतिस्पर्धी होती. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेची होती. १८९९ साली कामीय झेनात्झी या बेल्जियन चालकाने ती चालवली. पेट्रोल गाडी मात्र हँडल मारूनच सुरू करावी लागे. हँडल मारणे हे नुसते ताकदीचे काम नव्हते. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरे, आणि हँडलच्या झटक्याने मनगट किंवा हाताचे हाड मोडे. म्हणून जाणते चालक अंगठा हँडलभोवती न वळवता चार बोटांच्याच बाजूला ठेवत. आपल्याकडे ॲम्बॅसडरबरोबर हँडल मिळत असे, त्यामुळे जुन्या चालकांना ही पकड ठाऊक आहे.

हा त्रास संपवला चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने. त्याआधी त्याने दुकानातल्या कॅश रजिस्टरसाठी छोटी विजेची मोटर बनवली होती. इंजिन फिरवायला फार मोठी मोटर लागेल, असा तेव्हाचा समज. केटरिंगने पाहिले की मोटरला तासन्‌तास काम करायचेच नाही. काही सेकंद तिच्यावर क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त भार टाकला तरी ती जळत नाही. कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांत हा स्टार्टर आला.

या शोधामागे एक गोष्ट सांगतात. १९१० च्या हिवाळ्यात बायरन कार्टर नावाचे मोटार-उत्पादक एका स्त्रीची बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला गेले, हँडलचा फटका बसून दगावले, आणि त्यांचे मित्र असलेल्या कॅडिलॅकच्या प्रमुखांनी स्टार्टरचा ध्यास घेतला. गोष्ट चटका लावणारी आहे, पण कार्टर १९०८ मध्येच वारले होते. इतिहासाच्या तासालाही हे उदाहरण चालेल.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९१९ पासून स्टार्टर मिळू लागला. विजेच्या गाड्या मागे पडण्याची कारणे अनेक, पण त्यांची ‘हँडल नाही’ ही मोठी सोय पेट्रोल गाडीने पळवली ती बॅटरीच्याच बळावर.

आता एक हिशेब करू. स्टार्टरला सुरुवातीला २०० अँपिअर धारा लागते असे धरू. १२ भागिले २००, म्हणजे बॅटरी धरून साऱ्या मंडलाचा रोध ०.०६ ओहमच्या आत हवा. टॉर्चचे आठ सेल जोडूनही १२ व्होल्ट मिळतात. पण प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध अर्धा ओहम धरला, तर एकूण रोध ४ ओहम आणि धारा जास्तीत जास्त ३ अँपिअर. व्होल्ट तेवढेच, पण इंजिन जागचे हलणार नाही. मदतीच्या वायरी जाड का हव्यात, हेही यातून कळते.

आणि आता तो चिमटा. बॅटरी भरत आली की विजेने पाण्याचे विघटन सुरू होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. उतरलेल्या बॅटरीत एकदम मोठी धारा शिरली किंवा तिचा एखादा घट बिघडलेला असला, तरीही असा वायू निघू शकतो. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तर तो एका ठिणगीने पेटतो. चार चिमट्यांपैकी पहिले तीन लावताना मंडल अपुरे असते. चौथा टेकला की ते पूर्ण होते आणि ठिणगी उडते ती तिथेच. ठिणगी टाळता येत नाही, जागा मात्र निवडता येते. बॅटरीच्या तोंडाशी ती पडली तर खोके फुटून आम्ल डोळ्यांत जाऊ शकते.

म्हणून क्रम असा: दोन्ही गाड्या बंद आणि एकमेकींना न टेकलेल्या. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, लाल वायरीचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळा चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि शेवटचा बंद गाडीच्या इंजिनाला. चांगली गाडी काही मिनिटे चालू ठेवून मग दुसरी सुरू करावी. काढताना क्रम बरोबर उलटा, कारण मंडल तोडतानाही ठिणगी पडते. डोळ्यांवर चष्मा असावा. बॅटरी तडकलेली किंवा थंडीने गोठलेली असेल तर हा प्रयोग मुळीच करू नये. उतरलेल्या बॅटरीत आम्लापेक्षा पाणीच अधिक, त्यामुळे ती लवकर गोठते.

‘ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला’ हा नियमही सार्वत्रिक नव्हता. १९६० च्या दशकापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, आणि अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टच्या गाड्या सर्रास होत्या. जुनी गाडी समोर आली तर खुणा आणि व्होल्ट आधी पाहावेत. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला, त्यात डायोड असतात. धन-ऋणाची अदलाबदल झाली तर ते क्षणात जळतात.

आजच्या अनेक विजेच्या गाड्यांतही मोठ्या लिथियम बॅटरीशिवाय १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, बऱ्याचदा प्लाँतेच्याच जातीची. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच तिच्यावर चालतात. ती उतरली, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागेवरच उभी राहते.