तेल देताना रेडिओ बंद
* धरमतर आणि कुंडलिकेच्या खाड्यांत गलबतांच्या डोलकाठ्या पाहिलेल्या पेण-रोह्याच्या वाचकांनी तेलवाहू नौकेवरच्या लांब, लवचीक काठ्या शिडाच्या समजू नयेत. ते हाय फ्रिक्वेन्सी रेडिओचे एरियल. लहरी १० ते १०० मीटर लांबीच्या, म्हणून एरियल आखूड असून भागत नाही. भर समुद्रात दोन जहाजे शेजारी चालत असताना नळीतून इंधन जाऊ लागले, की यांवरचे प्रक्षेपण थांबवतात. कारण साधे, पण जिवावर बेतणारे : जवळच्या पोलादी दोरांत वीज प्रेरित होऊन ठिणगी उडू शकते, हात लावणारा खलाशी भाजू शकतो. तेवढा वेळ बोलणे चालते ते जहाजांमध्ये ताणलेल्या टेलिफोनच्या तारेवर आणि निशाणांवर. लाल ‘ब्राव्हो’ निशाण म्हणजे धोक्याचा माल. भारताच्या पश्चिम ताफ्याला इंधन पुरवणारी अशीच तेलवाहू नौका आयएनएस दीपक २०११ साली मुंबईत नौदलात दाखल झाली. — संपादक